श्रीमंत सयाजीराव महाराज : काटेकोर कारभारी आणि बडोदे नगरीचे शिल्पकार

ज्यांच्या नावाचा आपण अभिमानाने उच्चार करतो अशा थोर पुरुषांची चरित्रे बहुधा दोन प्रकारे सांगितली जातात. एक प्रकार त्यांच्या पराक्रमाचा आणि दुसरा त्यांच्या दानशूरपणाचा. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड, तिसरे, यांच्या वाट्यास यांपैकी दुसरा प्रकार अधिक आलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली त्यांनी दिलेली शिष्यवृत्ती, विद्वानांना व कलावंतांना दिलेला आश्रय, ग्रंथालयांची स्थापना या गोष्टी आपल्या मुलांना शाळेतच पाठ होतात, आणि त्या पाठ व्हाव्यात हे योग्यच आहे. परंतु देणाऱ्याच्या हातात देण्याजोगे काही असावे लागते. ते कसे जमले, कोणत्या शिस्तीने राखले गेले, शहराला पाणी आणि रस्ते कोणत्या पैशातून मिळाले, आणि हे सर्व करीत असता वरच्या सार्वभौम सत्तेशी किती झगडावे लागले, हा चरित्राचा भाग सहसा अंधारात राहतो. प्रस्तुत लेखात त्यावरच थोडा प्रकाश टाकण्याचा विचार आहे. महाराज आपल्याच नाशिक जिल्ह्याचे सुपुत्र होते, त्यामुळे सिन्नरकरांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे.

कवळाण्याचा गोपाळ

मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे कोरडवाहू मुलखातील एक खेडे. गायकवाड घराण्याची एक शाखा तेथे शेती करून राहत होती. पिलाजीराव गायकवाडांचे रक्त अंगात असले तरी राजवैभव केव्हाच दूर राहिले होते, आणि कुटुंबाची स्थिती सामान्य शेतकऱ्याची होती. याच घराण्यातील काशीराव व उमाबाई यांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलास अक्षरओळखही नव्हती. गुरे, शेत, आड आणि पाऊस एवढेच त्याचे जग होते. पाण्याची किंमत पुस्तकातून शिकण्याची गरज या बालकास पुढे कधीच पडली नाही.

इकडे बडोद्यास मोठ्या घडामोडी चालल्या होत्या. खंडेराव महाराज १८७० साली निवर्तले आणि त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत कारभाराची घडी पार विसकटली. सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या आणि रयत मात्र इजारदारांच्या हाती सापडली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप महाराजांवर आला, चौकशीसाठी आयोग बसला, आणि आयोगातील हिंदी व इंग्रज सभासदांत एकमत झाले नाही. तरीही गैरकारभाराचे कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी ते सयाजीराव या नावाने बडोद्याचे महाराज झाले.

ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. ज्या गादीवर हा मुलगा बसला तिच्यावरून नुकताच एक राजा खाली खेचला गेला होता. वरच्या सत्तेची मर्जी फिरली तर काय होते, याचे उदाहरण सदैव डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांना पुढची चौसष्ट वर्षे काढावी लागली.

रिकामा खजिना आणि नवी शिस्त

महाराजांच्या अल्पवयात दिवाण म्हणून राजा सर टी. माधवराव यांची नेमणूक झाली. त्रावणकोर व इंदूर येथे नाव मिळविलेल्या या मुत्सद्द्याने १८७५ ते १८८२ या काळात कारभार रुळावर आणला. सावकारांची देणी तपासली गेली, इजाऱ्याची पद्धत मोडण्यात आली, न्यायकचेऱ्या व पोलीस यांची व्यवस्था लागली. याच अवधीत एलियट नावाचे इंग्रज अधिकारी महाराजांचे शिक्षक होते. बाराव्या वर्षी धुळाक्षरे गिरविणाऱ्या त्या विद्यार्थ्याने सहा वर्षांत मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा, गणित आणि राज्यकारभाराची मूलतत्त्वे आत्मसात केली. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

बडोदे संस्थानाचा विस्तार सुमारे आठ हजार चौरस मैल होता, परंतु तो सलग नव्हता. बडोदे, नवसारी, कडी आणि अमरेली या चार प्रांतांचे तुकडे इंग्रजी मुलूख व इतर संस्थाने यांच्यात विखुरलेले होते. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना परक्या हद्दीतून जावे लागे. जकात कोणी घ्यावी, चोर कोणी पकडावा, रस्ता कोणी बांधावा, असे तंटे पावलोपावली उद्भवत. अशा राज्याचे सव्वा-दीड कोटींचे वार्षिक उत्पन्न नीट जमविणे आणि नीट खर्चणे हे साधे काम नव्हते.

तरुण महाराजांनी प्रथम जमिनीकडे लक्ष दिले. १८८३ पासून एलियट यांच्या देखरेखीखाली जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी व आकारणी सुरू झाली. धंद्यांवर व जातींवर बसविलेले नाना प्रकारचे किरकोळ वेरे, म्हणजे पट्ट्या, जुन्या काळापासून चालत आलेले होते. त्यांतून सरकारास थोडे मिळे आणि गरिबास जाच फार होई. ते क्रमाक्रमाने रद्द करून ज्याची ऐपत आहे त्याने प्राप्तीवरील कर द्यावा असे तत्त्व पुढे लागू करण्यात आले. राजाचा खासगी खर्च आणि राज्याचा खर्च यांची सरमिसळ हा जुन्या संस्थानांचा जुनाच रोग होता. महाराजांनी खानगी खाते वेगळे राखले, त्याचा हिशेब वेगळा ठेवला आणि प्रत्येक खात्याचे वार्षिक अंदाजपत्रक करण्याची शिस्त लावली.

नाण्यांचा प्रश्न असाच गुंतागुंतीचा होता. बडोद्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया होता, आणि स्वतःचे नाणे हे राजसत्तेचे एक मानचिन्ह समजले जाई. परंतु १८९३ साली हिंदुस्थान सरकारने चांदीसाठी टांकसाळी बंद केल्यावर बाबाशाही व कलदार रुपयांच्या भावात मोठे चढउतार होऊ लागले. व्यापारी बट्टा घेत आणि त्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडे. मान राखावा की रयतेचे नुकसान टाळावे, असा हा पेच होता. महाराजांनी १९०१ च्या सुमारास बाबाशाही नाणे बंद करून कलदार रुपया स्वीकारला. कोणत्या मुद्द्यावर ताठ राहावे आणि कोणता सोडून द्यावा याचा विवेक या एका निर्णयात दिसून येतो.

आजव्याचे पाणी

बडोदे शहराची लोकसंख्या त्या काळी सुमारे एक लाख होती. शहरास पाणी मिळे ते विहिरींचे, तळ्यांचे व विश्वामित्री नदीचे. उन्हाळ्यात ते अपुरे पडे आणि अस्वच्छ पाण्यातून रोगराई पसरे. खंडेरावांच्या काळी नर्मदेचे पाणी आणण्याचा विचार झाला होता, परंतु तो अतिशय खर्चिक असल्याने मागे पडला. सयाजीरावांनी दुसरा मार्ग स्वीकारला. शहराच्या पूर्वेस सुमारे बारा मैलांवर आजवे येथे सूर्या नदीच्या पाणलोटात मातीचा लांबलचक बंधारा घालून सरोवर निर्माण करावे आणि ते पाणी नळांनी शहरात आणावे, अशी ती योजना होती. हे ठिकाण शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी यंत्राने उपसावे लागत नव्हते, उताराने ते आपोआप वाहत येई. एकदाच मोठा खर्च करावा आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो वाचवावा, असा हा हिशेब होता. या योजनेत जगन्नाथ सदाशिवजी या हिंदी अभियंत्याचा मोठा वाटा होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८८५ च्या जानेवारीत कामास आरंभ झाला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात महाराजांच्या प्रथम पत्नी महाराणी चिमणाबाई क्षयाने निवर्तल्या. महाराजांची स्वतःची प्रकृतीही पुढे खालावली. तरी काम थांबले नाही. सुमारे सात वर्षांनी, १८९२ साली, सयाजी सरोवराचे पाणी शहरात नळाने वाहू लागले. खर्च तीस लाखांवर गेला होता. ज्या राज्याचे सबंध उत्पन्न सव्वा-दीड कोटी, त्याने एका शहराच्या पाण्यासाठी एवढी रक्कम घालावी, हे अनेकांस उधळपट्टीचे वाटले असल्यास नवल नाही. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी आजवे सरोवर बडोदेकरांना पाणी देत आहे. खर्चाची योग्यता त्याच्या आकड्यावरून ठरत नसून तो किती काळ आणि किती लोकांच्या उपयोगी पडला यावरून ठरते, याचा याहून उत्तम दाखला शोधून सापडणार नाही.

पाण्यापाठोपाठ शहराची इतर अंगेही सुधारत गेली. रुग्णालये, कमाटी बाग, १८९० साली स्थापन झालेले कलाभवन, १८९६ सालचे न्यायमंदिर, खंडेराव मार्केट, १९१० साली सुरू झालेले मध्यवर्ती ग्रंथालय, रुंद रस्ते व गटारे यांनी शहराचे रूप पालटले. नगरपालिकेच्या खर्चाचा मोठा भाग आरंभी राज्याच्या अनुदानातून भागे. परंतु शहराचा कारभार कायम राजाच्या हुकमावर चालावा असे महाराजांना वाटत नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामपंचायती, प्रांतपंचायती व नगरपालिका यांना कायद्याने अधिकार देऊन त्यांत लोकनियुक्त सभासद घेण्याचा उपक्रम सुरू झाला. १९०८ च्या २० जुलै रोजी बँक ऑफ बरोडा स्थापन झाली, त्यामागे शहराच्या व राज्याच्या उद्योगांना भांडवल मिळावे हा हेतू होता. १९१६ साली नगररचनेचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ पॅट्रिक गेडीस यांच्याकडून बडोद्याच्या वाढीविषयी अहवाल तयार करून घेण्यात आला. जुनी वस्ती सरसकट पाडून टाकण्यापेक्षा ती राखून सुधारावी, अशा मताचे ते गृहस्थ होते. आपल्या शहराविषयी बाहेरच्या जाणत्या माणसाचे मत मागण्यात महाराजांना कधी कमीपणा वाटला नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ज्या वर्षांत आजव्याचे काम चालू होते त्याच वर्षांत लक्ष्मीविलास राजवाडाही उभा राहत होता, आणि त्यावरही अलोट पैसा खर्च झाला. महाराजांचे युरोपातील दीर्घकालीन मुक्काम हाही त्यांच्यावरील टीकेचा विषय होता. प्रकृतीचे कारण खरे होते आणि परदेशात पाहिलेल्या संस्था त्यांनी आपल्या राज्यात आणल्या हेही खरे. तरी राजा दूर असता कारभार लांबणीवर पडतो, ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. थोर पुरुषाच्या चरित्रातील असे प्रसंग झाकून ठेवल्याने त्याचा मोठेपणा वाढत नाही.

दुष्काळाची कसोटी

१८९९-१९०० सालचा छप्पन्नचा दुष्काळ गुजरातेत प्रलयासारखा आला. संवत १९५६ वरून पडलेले ते नाव वृद्ध माणसे पुढे कित्येक वर्षे भयाने घेत. गुरे मेली, गावे ओस पडली आणि दुष्काळापाठोपाठ रोगराई आली. १८९१ साली संस्थानाची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती, ती १९०१ साली १९ लाख ५२ हजारांवर आली. या दोन आकड्यांतील अंतर वाचताना आजही मन सुन्न होते. सारा तहकूब करणे, तगाई देणे, दुष्काळी कामे काढणे, यांत खजिना रिता होऊ लागला. उत्पन्न घटलेले आणि खर्च वाढलेला, अशा वेळी पूर्वीची शिल्लकच कामी येते. चांगल्या वर्षांत हात आखडून ठेवलेले पैसे वाईट वर्षांत रयतेच्या तोंडी घास म्हणून जातात, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आपल्याकडील कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्यास निराळा शिकवावा लागत नाही.

आश्चर्य असे की या आपत्तीनंतर महाराजांनी शिक्षणावरील खर्च कमी केला नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला होता. १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू करण्यात आला. इंग्रज सरकारास आपल्या मुलखात जे परवडत नव्हते, ते एका संस्थानिकाने दुष्काळातून सावरताना करून दाखविले.

सार्वभौम सत्तेशी संघर्ष

आता या चरित्रातील सर्वांत अवघड भागाकडे वळू. बडोद्याचे इंग्रजांशी तह होते आणि महाराज त्यांची कलमे बारकाईने वाचीत. काठेवाडातील संस्थानिकांकडून येणारी गायकवाडांची खंडणी १८२० पासून इंग्रज सरकारमार्फत वसूल होत असे, त्यामुळे तेथील प्रत्यक्ष हुकमत हातची गेली होती. मुख्य लोहमार्ग बडोद्याच्या भूमीतून जाई, पण त्या पट्ट्यावरील न्यायाधिकार इंग्रजांकडे होता. मीठ आणि अफू यांच्या बाबतीतही संस्थानावर बंधने लादण्यात आली होती. तहानुसार तीन हजार स्वारांची जी कंटिंजंट फौज पोसावी लागे ती १८८५ साली मोडली, परंतु तिच्याऐवजी दरसाल पावणेचार लाख रुपये द्यावेत असे ठरले. फौज गेली तरी खर्च राहिला, असा तो न्याय होता.

अशा प्रत्येक बाबतीत महाराजांची रीत एकच होती. जुने दप्तर काढावे, तहाचे शब्द दाखवावेत, लेखी अर्ज करावा, उत्तर प्रतिकूल आले तर पुन्हा लिहावे. आदळआपट नाही आणि शरणागतीही नाही. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांनी सरकारच्या परवानगीशिवाय परदेशी जाऊ नये असे परिपत्रक काढले, तेव्हाही महाराजांनी आपली नापसंती लपविली नाही. १९०९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी राजद्रोहाच्या चळवळीविषयी संस्थानिकांचे मत विचारले. सहकार्य देऊ, परंतु आपल्या राज्यातील अंतर्गत कारभार आपल्या अधिकारात राहील, अशा आशयाचे उत्तर महाराजांनी पाठविले. अरविंद घोष यांच्यासारख्या पुरुषाने तेरा वर्षे बडोद्यात नोकरी केलेली होती, त्यामुळे सरकारची नजर आधीच वक्र होती.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात ती उघड झाली. बादशहास एकदाच मुजरा करून महाराज पाठ फिरवून परतले, अंगावर नेहमीचे जडजवाहीर नव्हते, असे आरोप झाले. विलायतेतील वर्तमानपत्रांनी गहजब केला. मल्हाररावांची आठवण सर्वांस झाली असणार. महाराजांनी व्हाइसरॉयांकडे लेखी खुलासा पाठवून ते वादळ शमविले. या खुलाशाबद्दल पुष्कळांनी पुढे त्यांना दोष दिला. परंतु त्या वेळी पणास लागली होती ती एका माणसाची प्रतिष्ठा एवढीच नव्हती. सक्तीचे शिक्षण, पंचायती, बँक, शिष्यवृत्त्या, हे सर्व त्या गादीच्या आधाराने उभे होते. गादी गेली असती तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार दोष देणाऱ्याने अवश्य करावा. प्रस्तुत लेखकाच्या मते महाराजांनी मान थोडी वाकविली ती रयतेसाठी, आणि तीत त्यांचा मोठेपणा कमी झाला नाही.

पुढेही हे झगडे संपले नाहीत. ओखा बंदर १९२६ साली सुरू झाले आणि काठेवाडच्या बंदरांतून येणाऱ्या मालावरील जकातीचा वाद पुन्हा डोके वर काढू लागला. त्याही वेळी बडोद्याने तहाच्या आधारे आपली बाजू मांडली.

अखेर आणि आपला वारसा

१९३६ साली राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. त्या प्रसंगी महाराजांनी ग्रामोद्धारासाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण सरोवर, ग्रंथालय, बँक आणि त्यांच्या नावाचे विद्यापीठ मागे राहिले. राज्ये जातात, नीट केलेली कामे राहतात.

बंधूंनो, आपल्या सिन्नर तालुक्यास पाण्याचे दुर्भिक्ष्य नवे नाही. सह्याद्रीचा पाऊस पश्चिमेस पडतो आणि आपल्या वाट्यास ढगांची सावली येते. देवनदीवरचे जुने बंधारे व त्यांचे पाट आपल्या पूर्वजांनी पाळीपाळीने पाणी वाटून चालविले, आणि जेथे ही शिस्त सुटली तेथे पाटही बुजले. आज आपल्या समाजातील अनेक स्त्री-पुरुष ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत, सोसायटीत आणि शिक्षणसंस्थांत पदांवर बसतात. वरच्या सरकारकडून अनुदान येते, कधी उशिरा येते, कधी अडून राहते. त्या वेळी मोर्चा काढणे सोपे असते. दप्तर तयार ठेवून, नियम वाचून, चिकाटीने लेखी पाठपुरावा करणे कठीण असते. घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरणे हेही असेच एक कंटाळवाणे कर्तव्य आहे. परंतु पाणीपट्टी थकवायची आणि नळास पाणी नाही म्हणून तक्रार करायची, या दोन गोष्टी एका घरात शोभत नाहीत.

महाराजांची तसबीर आपण सभागृहात लावतो आणि तिला हार घालतो. त्या तसबिरीखाली बसून संस्थेचा जमाखर्च वाचला जातो, तेव्हा तो शेवटच्या पैपर्यंत जुळलेला असावा, लग्नाच्या मांडवातील एका संध्याकाळच्या खर्चाहून वसतिगृहातील मुलाच्या वर्षाचा खर्च आपणास मोठा वाटू नये, आणि ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा आहे त्याने आपली खानगी व संस्थेची तिजोरी वेगळी ठेवावी. कवळाण्याच्या त्या निरक्षर मुलाने हे बाराव्या वर्षानंतर शिकून घेतले. आपली मुले तर पाचव्या वर्षी शाळेत जातात.

श्रीमंत महाराज सयाजीरावांच्या पवित्र स्मृतीस आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.